बाथरूमचा आरसा दर पावसाळ्यानंतर काळा पडतो नाहीतर तडकतो: आधी कारण शोधा, मग काच कापा

आमच्या माहीमच्या घरी बेसिनवरचा आरसा सहा वर्षांत तीनदा बदलून झाला आणि चौथ्यांदा बदलायची वेळ आली तेव्हा सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, त्या भिंतीला आरसा लाभतच नाही." नवरा म्हणाला प्लॅस्टिकचा लावू, कटकट नको. मला मात्र राग आला होता, कारण दर वेळी नवीन काच आणायची, अर्धा रविवार घालवायचा आणि वर्षभरात दुकानवाल्याला नावं ठेवायची की हलकी काच गळ्यात मारली. मग एक आयडिया सुचली. मुलीच्या मोबाइलमध्ये आरशासमोर काढलेल्या सेल्फी ढिगाने आहेत, त्या तारखेने लावून बघितल्या, तिचं तोंड सोडून फक्त आरसा बघितला, आणि सगळं लख्ख दिसलं. तिन्ही आरसे वेगवेगळ्या रोगाने गेले होते आणि तिन्ही वेळा गुन्हेगार मीच.

पहिला खालून काळा होत गेला, आधी कडेला काजळ फासल्यासारखी रेघ, मग ती वर चढत चढत बोटभर झाली, आणि चढली ती मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्येच. दुसरा लावल्यावर महिन्याभरात तडकला, तडा उजवीकडच्या वरच्या स्क्रूपासून निघून तिरका खाली गेला. तिसऱ्याच्या कडा चांगल्या होत्या पण मधोमध पाच गोल तपकिरी डाग उमटले, बरोबर बेसनाच्या लाडवाएवढे. पाचच का? कारण मागे सिलिकॉनचे गोळे मी पाचच लावले होते.

थोडं आतलं सांगते म्हणजे पुढचं पटेल. आरसा म्हणजे साधी काच, तिच्या पाठीवर चांदीचा थर, तोही केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पटींनी पातळ, आणि त्यावर रंगाचं संरक्षण. समोरून काच आहे, मागून रंग आहे, पण कडेला काहीच नाही, कापलेल्या जागी चांदी उघडी असते. पाणी आणि काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे ओघळून खालच्या कडेला थांबतो आणि तिथून आत शिरतो. त्यात आपली मुंबई, समुद्राची खारट हवा, पावसाळ्यात चार चार दिवस टॉवेल वाळत नाही तिथे आरशाची पाठ काय वाळणार.

तर तुमचा आरसा गेला असेल तर काढायच्या आधी नीट बघा, जमल्यास फोटो काढून ठेवा. खालून किंवा कडेने काळं असेल तर पाणी. डागांचा आकार मागच्या गोंदाच्या ठिपक्यांसारखा असेल तर गोंद. सगळीकडे बारीक बारीक टिपके असतील तर भिंतच ओली आहे, बहुतेक पलीकडच्या बाथरूमची नाहीतर वरच्या मजल्याची गळती, अशा वेळी आरसा बदलून काही होणार नाही, आधी ते निस्तरा (सोसायटीत त्यासाठी किती मीटिंगा होतात हे मी वेगळं सांगायला नको). तडा स्क्रूपासून निघाला असेल तर स्क्रू जास्त आवळलाय किंवा वॉशर नाही. तडा कडेच्या मध्येच कुठूनतरी सुरू झाला असेल तर त्या जागी कापताना किंवा वाहून आणताना टवका उडालेला असणार. काच अशा बारीक खोटीपासूनच फुटते, १९२१ साली ग्रिफिथ नावाच्या इंजिनिअरने हेच मांडलं होतं, की काचेची ताकद तिच्या अंगावरचे न दिसणारे चरे ठरवतात.

गोंदाचं जरा खुलासेवार सांगते कारण इथे सगळेच फसतात. साधं सिलिकॉन, जे लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि ते ॲसिड हळूहळू रंगातून चांदीपर्यंत जातं. फिशटँकला, खिडकीला ते मस्त चालतं, आरशाच्या पाठीला नाही. दुकानात नुसतं "सिलिकॉन द्या" म्हटलं की तेच हातात पडतं. "न्यूट्रल क्युअर" मागायचं, आणि ट्यूबवर आरशाला चालतं असं लिहिलेलं स्वतः वाचून घ्यायचं. आंबट वास आला की परत करा.

आता जुना काढणं. माझ्या मते सगळ्यात धोक्याचं काम हेच आहे, कापण्यापेक्षाही. बेसिनचा नळ बंद, बेसिनवर जाड गोधडी, मुलं आणि मांजर बाहेर. पायात बूट, चप्पल नाही. हातात कापणार नाहीत असे जाड ग्लोव्हज मिळतात ते घ्या, भांडी घासायच्या रबरी मोज्यांचा इथे काही उपयोग नाही. डोळ्यांना गॉगल, म्हणजे कामाचा हो, उन्हाचा नाही. मग आरशाच्या तोंडावर ब्राऊन टेप आडवीउभी भरपूर चिकटवा, फुटलाच तर तुकडे टेपला लटकून राहतात. स्क्रूवाला असेल तर खालचे स्क्रू आधी काढा, वरचे काढताना दुसऱ्या माणसाने दोन्ही हातांनी धरलेला हवा.

चिकटवलेला असेल तर मागे स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, मी पहिल्यांदा तेच केलं आणि अर्धा आरसा हातात आला, अर्धा भिंतीवर राहिला. यावेळी कोळीवाड्यातल्या मैत्रिणीच्या घरून जाड तंगूसची (मासे पकडायच्या नायलॉनची) दोरी आणली, दोन टोकांना लाकडाचे तुकडे बांधले आणि आरशाच्या मागे घालून करवतीसारखी मागेपुढे ओढत वरून खाली आलो, मी एका बाजूला, नवरा दुसऱ्या बाजूला. सिलिकॉन लोण्यासारखं नाही कापलं जात, हात भरून येतात, दोरी दोनदा तुटली. आधी हेअर ड्रायरने काच कोमट केली तर फोम टेप बरीच मऊ पडते, पण एकाच जागी ड्रायर धरून बसू नका नाहीतर तिथेच तडकायची. आणि आरसा निसटलाच तर पकडायला जाऊ नका! मागे व्हा, पडू दे. पडणारी काच पकडायला गेलेला हात शिवायला लागतो.

माप. भिंत कधीच काटकोनात नसते, आमची तर जुनी बिल्डिंग, टाइल्स मिस्त्रीने मूडप्रमाणे बसवल्यात. रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी घ्या आणि उंचीही तीन ठिकाणी, सगळ्यात लहान माप धरा आणि दोन भिंतींच्या किंवा कॅबिनेटच्या मध्ये बसवायचा असेल तर त्यातून आणखी एक सूत कमी करा. (दुकानात अजून इंच-सूतच चालतं, एका इंचात आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण ३ मिमी.) खालची कड बेसिनच्या वर किमान इंचभर राहील असं बघा, बेसिनला टेकवलात तर पहिल्या आरशाचं जे झालं तेच होणार. वजनाचा हिशोबही करा, काच दर चौरस मीटरला प्रत्येक मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो भरते, म्हणजे दोन बाय तीन फुटी ५ एमएमचा आरसा जवळजवळ सात किलो. जुन्या प्लॅस्टरवर सात किलो नुसत्या टेपवर लटकवायची माझी तरी हिंमत नाही.

कापायचं स्वतः की दुकानातून? खरं सांगू, एकच आरसा हवा असेल तर दुकानातून कापून, कडा घासून, होल मारून आणा. मी स्वतः कापला कारण आमच्याकडे जुन्या कपाटाचा मोठा आरसा पडून होता, एक कोपरा फुटलेला, बाकी ठणठणीत. पण कोपऱ्यात टफन्डचा, म्हणजे मुद्दाम कडक केलेल्या काचेचा, शिक्का असेल तर कटर लावू नका, टफन्ड काच कापता येतच नाही, रेघ मारून दाबली की सगळीचे दाणे होतात. आणि चोर बाजारातून आणलेला किंवा आजीच्या काळातला धूसर, रुपेरी टिकल्या पडलेला आरसा असेल तर तोही कापू नका, खरवडू नका. चांदीची पद्धत १८३५ च्या लीबिगच्या प्रयोगानंतर हळूहळू आली, त्याआधी पाठीला कथील आणि पारा असायचा, आणि तो पारा घरात कशाला मोकळा करायचा. तसा जुना आरसा आहे तसा लावा, डागांसकट. इराण्याच्या हॉटेलातले आरसे डागांसकटच शोभतात.

कापण्याची प्रॅक्टिस मी खिडकीच्या फुटक्या काचेच्या पट्ट्यांवर केली आणि सात पट्ट्या वाया घालवल्या. ओळखीच्या काचेच्या दुकानात एक म्हातारे चाचा बसतात, त्यांच्याकडे जाऊन अर्धा तास नुसती उभी राहिले, ते म्हणाले, "ताई, रेघ एकदाच. दुसऱ्यांदा फिरवलीत की काच ऐकत नाही." हेच सगळ्यात महत्त्वाचं. आपण काच कापतो म्हणतो पण कटरचं ते बारीक चाक काच कापत नाही, वर एक नाजूक चीर पाडतं आणि मग आपण त्या चिरेवरून काच मोडतो. दुसऱ्यांदा चाक फिरवलं की चिरेच्या बाजूला आणखी चिरा पडतात, काच कुठून मोडू ते तिचं तिलाच कळत नाही, आणि चाकही बोथट होतं.

तर असं करा. सपाट टेबल, त्यावर दुमडलेली चादर, चादरीखाली एकही खडा नको. आरसा काचेची बाजू वर, रंगाची बाजू खाली, रेघ नेहमी काचेच्या बाजूलाच. स्पिरिटने पुसून घ्या, धुळीच्या कणावर चाक उडी मारतं आणि तिथेच काच वाकडी जाते. स्टीलची पट्टी घट्ट धरा, पट्टीखाली चिकटपट्टीचा तुकडा लावला की सरकत नाही. कटरचं चाक पट्टीच्या कडेपासून थोडं बाहेर चालतं, प्रत्येक कटरचं अंतर वेगळं, म्हणून फालतू तुकड्यावर एक रेघ मारून ते मोजा आणि पट्टी तेवढी सरकवून ठेवा. मी हे न मोजता कापलं आणि पहिली काच जवळजवळ सूतभर लहान झाली. चाकाला घासलेटचा एक थेंब.

उभं राहून, पलीकडच्या कडेपासून जरासं आतून सुरू करून, एकाच दाबाने अंगाकडे ओढत या. आवाज ऐका, बारीक, सलग, झिप ओढल्यासारखा आवाज आला तर रेघ बरोबर आहे आणि ती केसासारखी नाजूक दिसते. कर्रकर्र आवाज येऊन पांढरी भुकटी उडाली तर जोर जास्त झालाय, आवाज मध्येच गायब झाला तर तिथे रेघच पडली नाहीये. शेवटच्या कडेशी दाब हलका करा नाहीतर टवका उडतो. आणि मग चहा प्यायला जाऊ नका, लगेच मोडा, थांबलात की चीर थंड पडते असं चाचा म्हणतात आणि माझा अनुभवही तोच.

मोडायला रेघेच्या सुरुवातीच्या टोकाखाली एक पेन्सिल, बरोबर रेघेच्या खाली, दोन्ही बाजूंना तळहात ठेवून एकदम दाब. टक् असा आवाज येतो आणि चीर तुमच्या डोळ्यादेखत पळत जाते, हे बघायला इतकं भारी वाटतं की मी उगाच आणखी दोन तुकडे पाडले. मागचा रंग कधी कधी जोडलेला राहतो, तो ब्लेडने कापा, ओढून फाडू नका, फाडला की चांदीही सोलून येते. दोन बोटांपेक्षा अरुंद पट्टी हाताने मोडायला जाऊ नका, त्याला काचेची पक्कड लागते. होल मारणं मी घरी करतच नाही, दुकानात देते.

कापलेली कड म्हणजे पातं असतं, तिला बोट लावून बघायचा मोह आवरा. २२० नंबरचा वॉटरपेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून, पाणी शिंपडत, पाठीकडून तोंडाकडे अशा दिशेने घासा म्हणजे रंग उचकटत नाही. पाण्यामुळे भुकटीही उडत नाही, नाकात गेलेली बरी नव्हे. मग धुऊन पंख्याखाली पूर्ण वाळवा, म्हणजे अगदी दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि कडेला आरशाचा एज सीलर, म्हणजे उघडी कड झाकणारा लेप, ब्रशने लावा. खालच्या कडेला मी दोन हात दिले. पहिल्या तीन आरशांना हे मी कधीच केलं नव्हतं, आणि कोणी सांगितलंही नव्हतं.

दुकानातून आणत असाल तर काच नेहमी उभी धरा, आडवी धरली की स्वतःच्या वजनाने वाकते आणि मोडते. काखेत मारून तर अजिबात नाही, काखेतून मोठी रक्तवाहिनी जाते. रिक्षात गुडघ्यात धरून आणलेली काच माझ्या दिराने एका स्पीडब्रेकरला घालवली होती, सुदैवाने फक्त पँट फाटली. टेम्पो करा, दोन-तीनशे वाचवू नका. संध्याकाळच्या लोकलला काच घेऊन चढणाऱ्यांना तर खरंच दंड करायला हवा.

बसवताना: भिंत कोरडी, पट्टी लावून सपाट आहे ना बघा, एखादी टाइल पुढे आली असेल तर स्क्रू आवळताना काच तिच्यावर वाकते. न्यूट्रल सिलिकॉनचे गोळे नाही, उभ्या रेघा ओढा, म्हणजे मागे साचलेलं पाणी खाली निघून जातं आणि हवा खेळते. चारही कडा सिलिकॉनने बंद करू नका, आत गेलेला दमटपणा आतच कोंडतो. मागे ३ मिमीच्या प्लॅस्टिकच्या चकत्या लावून भिंतीपासून अंतर ठेवा. खाली ॲल्युमिनियमचं चॅनेल लावलंत तर त्याला पाणी जायला भोकं पाडा आणि काच रबराच्या तुकड्यांवर बसवा, नुसतं चॅनेल म्हणजे आरशाचे पाय कायम पाण्यात. स्क्रू असतील तर होल स्क्रूपेक्षा मोठं हवं, मध्ये प्लॅस्टिकची नळी, दोन्ही बाजूंना वॉशर, आणि शेवटचे आटे हाताच्या स्क्रूड्रायव्हरने. मशिनने आवळलेला स्क्रूच माझ्या दुसऱ्या आरशाचा जीव घेऊन गेला. टाइलला भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, गिट्टी (स्क्रू धरणारा प्लॅस्टिकचा प्लग) नीट बसली पाहिजे. नंतर २४ तास टेपचा आधार ठेवायचा आणि गरम पाण्याची आंघोळ त्या बाथरूममध्ये नाही, आम्ही शेजारी गेलो.

पुसताना स्प्रे आरशावर मारू नका, फडक्यावर मारा आणि शेवटी खालची कड कोरड्या कापडाने पुसा. घरात हे पाळायला लावणं हा वेगळाच प्रोजेक्ट आहे.

स्कूटरचा आरसा फुटल्यावर हाच प्रकार करू नका बरं का. बऱ्याच गाड्यांचा आरसा बहिर्गोल असतो, त्यात सपाट तुकडा बसवला तर मागचं कमी दिसतं. त्याची तयार काच मिळते, तीच घ्या.

लागलंच तर: घुसलेला मोठा तुकडा उपटू नका, त्याच्या दोन्ही बाजूंनी स्वच्छ कापडाने दाबा, हात वर धरा आणि डॉक्टरकडे जा, रक्त थांबत नसेल तर १०८. साधी चीर असेल तर दहा मिनिटं न उघडता दाबून धरा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते डॉक्टरला सांगा. डोळ्यात कण गेला तर चोळायचं नाही.

उरलं साफ करणं. केरसुणी वापरू नका, कण तिच्यात अडकतात आणि चार दिवसांनी स्वयंपाकघरात पडतात. मोठे तुकडे ग्लोव्हज घालून उचला, मग ओल्या वर्तमानपत्राने पुसा, मग लाइट बंद करून मोबाइलचा टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरा, एकेक कण चमकतो. ते उचलायला सासूबाईंनी कणकेचा गोळा करून दिला, जमिनीवर हलकेच दाबत फिरवायचा, अगदी न दिसणारे कणही त्यात बसतात. गोळा नंतर नीट गुंडाळून फेका, कबुतरांना टाकू नका.

तुकडे साध्या पिशवीत घालून कचऱ्यात नका ठेवू. आरशाची काच बाटलीच्या काचेबरोबर वितळवायला चालत नाही, आमचा भंगारवालाही घेत नाही. दुसऱ्या आरशाच्या वेळी मी काळ्या पिशवीत भरून ठेवला होता आणि आमच्या सफाईवाल्या दादांचा तळहात कापला, मला ते आठवड्याने कळलं, तेही त्यांनी नाही, वॉचमनने सांगितलं. आता वर्तमानपत्राचे चार थर, मग खोका, खोक्याला टेप, वर मोठ्या मार्करने मराठीत आणि हिंदीत "फुटलेली काच", आणि सकाळी दादा आले की खाली जाऊन खोका त्यांच्या समोर गाडीत ठेवते.